मामांचा पाइपलाइन ग्रुप

आमच्या थोरल्या मामांसारखा कारभारी कन्हेरीपासून इंदापूरपर्यंत धुंडाळला तरी सापडायचा नाही. शेजारच्या शेतकऱ्यांची सामाईक पाइपलाइन त्यांनी अख्खी व्हॉट्सॲपवर पुरी केली, आणि हे सांगताना माझी छाती फुगते. त्यांनी ग्रुप काढला, स्वतः ॲडमिन झाले आणि तेव्हापासून कुणाची धडगत राहिली नाही. टायपिंगचं नाव नको, सगळा कारभार आवाजी. तांबडं फुटलं की मोबाइल ओरडे, "उठा! आज पाइपाची चारी कुणाच्या रानात खणायची?" काम झालं म्हणून भागत नसे, फोटो लागे, आणि फोटोत माणूस लागे. "मोकळी चारी नको मला, ती गेल्या सालची बी आसंल!" एका पठ्ठ्यानं आळसानं कालचाच फोटो पुन्हा धाडला. मामांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय रं, काल बी ह्योच सदरा? वैनी म्हायेरी गेल्यात व्हय?" गडी मुकाट्यानं चारीत उतरला.

एकदा मात्र मामांचा तोल गेला. कालव्याला पाणी सुटायला आठवडा उरला होता, उभा ऊस सुकत चालला होता आणि जोडणी फक्त सोपानतात्यांच्या रानातली राहिली होती. मामांनी ग्रुपवरच झापलं, "तात्या, तुमच्यापायी समद्यांचा ऊस वाळंल!" वडीलधारा माणूस, त्यात भावकी, आणि चारचौघांत असं? तात्या तडक ग्रुपमधून बाहेर पडले. निरोप आला, "माझ्या रानातनं पाइप जायचा न्हाय."

मी म्हटलं, "मामा, परत ॲड करा की."

"लग्नातनं रुसून गेलेला माणूस फोनवर येतो व्हय रं?" मामा माझ्यावरच खवळले. टोपी झटकली, शाल-नारळ घेतला आणि अख्खा ग्रुप घेऊन तात्यांच्या दारात उभे राहिले. स्वतःच्या हातानं तात्यांच्या खांद्यावर शाल घातली. "चुकलं माझं, तात्या. झापायचं तर घरी येऊन झापायला पायजे व्हतं."

तात्यांचे डोळे भरले, पण ताठा गेला नाही. "आदी मला ॲडमिन करा."

मामांनी तिथंच परत ॲड करून ॲडमिन केलं. दुसऱ्या दिवशी फोटो आला: चारीत तात्या उभे, खांद्यावर तीच शाल. पाणी आलं, ऊस वाचला.

तात्या यंदा गेले. ग्रुपवर त्यांचा नंबर तसाच आहे. मी भीतभीत विचारलं, "काढू का?"

मामांनी माझ्या हातातला फोन काढून घेतला. "ऱ्हाऊ दे. तवा रुसून गेले, तर जाऊन आणलं. आता कुठं जाऊन आणू?"