अर्ध्या तासाची सवड

भोरच्या मोटार स्टँडसमोर माझं शिवणाचं दुकान होतं, त्यामुळे नूरुद्दीनची ऐट मला रोज सकाळी फुकटात बघायला मिळायची. पुण्याला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीचा तो एजंट. तिकिटं फाडायची आणि माणसं बसवायची एवढंच त्याचं काम. पण पुणे स्टेशनातून कुठली आगगाडी किती वाजता सुटते ते त्याला तोंडपाठ, आणि आपली मोटार ती कशी गाठून देते हे सांगताना गड्याची मान ताठ व्हायची. खेड्यातली माणसं आगगाडी धरायची म्हणजे आदल्या दिवशीच जाऊन स्टेशनात पथारी टाकायची. नूरुद्दीनला त्याचं फार हसू यायचं. "अर्धा तास मधी ठेवला की लई झालं," असं तो म्हणायचा. मीही त्याच्याबरोबर हसायचो, हे आधीच सांगून टाकतो.

छत्तीस सालच्या वैशाखात आंबवड्याची ठकुबाई त्याच्याकडे आली. पंचविशीतली विधवा, सासरी राबणारी. मिरजेकडच्या एका दवाखान्यात बायकांना सुईणीचं काम शिकवणार होते, राहण्याजेवण्याची सोय तिथंच. गावातल्या शाळेच्या मास्तरांनी अर्ज लिहून दिला आणि तिला बोलावणं आलं. सासरा कोंडिबा नाही नाही म्हणत कसाबसा कबूल झाला होता. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की सोमवारी सकाळी नऊला हजर व्हावं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या बाईला जाईल.

"म्या शनवारीच जाते नूरभाऊ," ती म्हणाली. "ठेसनावर पडून ऱ्हाईन."

"एकट्या बाईमानसानं ठेसनावर कशाला पडायचं? आयतवारची मोटार साडेसातला सुटती, साडेधाला ठेसनावर. मिरजंची गाडी अकराला. अर्धा तास हाय की मधी."

"आन् मोटारीला उशीर झाला तर?"

"माझ्या मोटारीला?" नूरुद्दीननं माझ्याकडे बघून डोळा मारला आणि मोठ्यानं हसला. ठकुबाई ओशाळली. तिनं रविवारचं तिकीट घेतलं.

रविवारी मी दुकानाच्या फळ्या काढत होतो, तेव्हा ती स्टँडच्या पायरीवर गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली होती. आंबवड्याहून अंधारातच चालत निघालेली, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेले. नूरुद्दीन त्यानंतर पाऊण तासानं आला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्याच मोटारीत नूरुद्दीननं लग्नाचं वऱ्हाड बसवलं होतं. काल भोरला लग्न लागलेलं, आता नवरानवरी कात्रजच्या अलीकडच्या एका गावी निघालेली. नवं जोडपं वाटेतल्या गावाची शीव ओलांडतं तेव्हा काय करतात हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शिवेवर थांबायचं, दोघांवरून नारळ ओवाळायचा, फोडायचा आणि मगच पुढं जायचं. बैलगाडीत त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण मोटार असली म्हणून शिवा काही कमी होत नाहीत, हे नूरुद्दीनला कळायला नको होतं? नारळांचं पोतं टपावर त्यानंच चढवून घेतलं होतं. मोटार गच्च भरली याच खुशीत होता तो.

पुढची हकिकत ड्रायव्हर अय्युबनं संध्याकाळी परत आल्यावर सांगितली. एकूण अकरा शिवांवर मोटार उभी राहिली. एका ठिकाणी नारळ फुटता फुटेना. एका ठिकाणी शीव ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे यावरून दोन म्हाताऱ्यांची जुंपली, तेव्हा दोन्हीकडे फोडले. अय्युब घाई करायला गेला तर करवल्यांनीच त्याला झापलं.

"आन् ती बाई?" नूरुद्दीननं विचारलं.

"ती मागं कोपऱ्यात, त्वांडावर पदर घिऊन. एक सबूद बोलली न्हाई."

बोलणार कशी? नव्या नवरीच्या वऱ्हाडाला विधवेनं चला, आटपा म्हणायचं कुठल्या तोंडानं? मोटार स्टेशनाशी पोचली तेव्हा मिरजेची गाडी सुटून दहा मिनिटं झाली होती. ठकुबाई तरीही रात्रीच्या गाडीनं गेली, सोमवारी दुपारी पोचली. जागा भरली होती. चौथ्या दिवशी ती आमच्याच स्टँडवर उतरली आणि मान खाली घालून आंबवड्याच्या वाटेला लागली. नूरुद्दीन तेवढ्या वेळात मोटारीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी कोंडिबा आला. भांडायला नव्हे, नुसतं विचारायला. "सुनंची गाडी कशी चुकली म्हनायची, नूरुद्दीन?"

स्टँडवर दहा माणसं होती. सगळी नूरुद्दीनला विचारून प्रवास करणारी. तो म्हणाला, "बाईच उशिरा आल्या. त्यांच्यापायी मोटार खोळंबली."

बोलता बोलता त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सुईत दोरा ओवत होतो, तो मी ओवतच राहिलो. कोंडिबानं मान हलवली, "वाटलंच मला," म्हणाला आणि गेला.

त्या दिवसापासून नूरुद्दीन बदलला. कुणीही आगगाडीचं विचारलं की तो आदल्या दिवशी जायला सांगायचा. नुसतं स्टेशन बघायला निघालेल्यालासुद्धा. लोक त्याची टिंगल करायचे. मी करत नसे. आम्ही दोघं त्या गोष्टीबद्दल कधी बोललो नाही आणि जुने मित्र असून एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं टाळायला शिकलो. लाज वाटत होती, दुसरं काय.

आठ वर्षं गेली. एका बाजाराच्या दिवशी ठकुबाई माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकली होती. बरोबर तिची भाची सगुणा, पुण्याला नोकरीसाठी कुणाला तरी भेटायला निघालेली. ठकुबाई तिला सांगत होती, "बये, घरातनं येळंवर निघत जा. म्या त्या दिशी उशीर केला, त्यात समदं गेलं."

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. ती गेल्यावर मी स्टँडवर जाऊन ते नूरुद्दीनला जसंच्या तसं सांगितलं. त्यानं हातातलं तिकिटांचं बुक मिटलं. मग म्हणाला, "उद्या येतोस का माझ्यासंगं, सावळाराम?"

आम्ही आंबवड्याला गेलो तेव्हा ती अंगणात ज्वारी पाखडत होती. कोंडिबा ओसरीवर बसला होता, थकलेला, पण कान शाबूत. नूरुद्दीन उभ्यानंच बोलला. वऱ्हाड त्यानं बसवलं, वाटेतल्या शिवा त्यानं हिशेबात धरल्या नाहीत, आणि वर ती उशिरा आली म्हणून खोटं सांगितलं, सगळं सांगितलं. मीही म्हणालो, "बाई, तुमी त्या दिवशी सगळ्यांच्या आधी आला होता. म्या बघितलं व्हतं."

ठकुबाईनं सूप खाली ठेवलं आणि आम्हाला बसायला घोंगडी टाकली.

"न्हाई वो नूरभाऊ," ती समजूत घालत म्हणाली. "त्या दिशी पानी भरून निघाले म्या. त्यातच उशीर झाला. मामंजी आठ वर्सं सांगत्यात की. तुमचा सोभाव चांगला, म्हनून तुमी आपल्यावर घेताय."