कडी बाहेरून

संध्याकाळी चष्म्याच्या दुकानातून लेखक घरी आला की त्याला चहा मिळायचा, चहाबरोबर दोन बिस्किटं मिळायची, आणि मग त्याला आत घालून बाहेरून कडी लावली जायची.

हे वाचून त्याच्या बायकोबद्दल तुमच्या मनात भलतंसलतं येईल, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. बाई लाखात एक. कडी बसवली होती ती तिच्या वडिलांनी, आणि तीही प्रेमानं.

‘लेखक’ म्हणून त्याला सगळी इमारत ओळखायची. दुकानाचा मालक तर गिऱ्हाइकांना मुद्दाम सांगायचा, की तुमची काच साध्यासुध्या माणसानं नाही, लेखकानं घासलीय. गिऱ्हाईक आदरानं आतल्या बाजूला डोकावायचं, आणि तिथे हा गडी फिरत्या चाकावर काच धरून ती फ्रेममध्ये बसेपर्यंत कडेनं घासत बसलेला असायचा. त्याचं लिखाण मात्र कुणीच वाचलेलं नव्हतं. वाचायला ते असायला तर हवं.

थाप म्हणावी तर पूर्ण थापही नव्हती. लग्नाआधी एकदा ती वडिलांच्या चष्म्याची मोडलेली काडी घेऊन दुकानात आली होती. काडी बसेपर्यंत वेळ काढायचा म्हणून तिनं विचारलं, हे काम सोडून आणखी काय करता? खरं उत्तर होतं की कॅरम खेळतो आणि सुट्टीच्या दुपारी तंगड्या पसरून झोपतो. पण समोर मुलगी देखणी. हा म्हणाला, “कादंबरी लिहितोय.” पाचसहा पानं त्यानं लिहिलीही होती. त्यात एक जहाज होतं, एक कप्तान होता, आणि बंदर सोडायची मोठी घाई चालली होती.

तिला तेव्हा एका रंगाच्या दुकानदाराचं स्थळ आलं होतं. चांगलं दोन गाळ्यांचं दुकान. पण तिनं वडिलांना ठणकावलं, की रंगवाले गल्लोगल्ली मिळतील, कादंबरीवाला एकच. वडील जातिवंत सुतार, वर्तमानपत्र छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचून काढणारे. त्यांनाही ते पटलं. रंगवाल्यानं पुढे तिसरा गाळा घेतला, पण ते असो.

सासूबाई वारल्यावर सासरे लेकीकडेच राहायला आले. त्यांच्या हातांना कंप सुटू लागला होता. हत्यारं कायमची ठेवून देण्याआधी त्यांनी एक शेवटचं काम काढलं. अर्ध्या बाल्कनीला प्लायवूडची भिंत घातली, आत टेबल बसवलं, पुढेमागे छापून येतील त्या पुस्तकांसाठी फळी ठोकली, आणि भिंतीत वहीएवढी एक खिडकी ठेवली. बाजूला सरकणारी, चहाचा कप आत देण्यापुरती. जावयानं भीतभीत सुचवलं, की कडी आतून असलेली बरी. सासरे म्हणाले, “आतून असली की माणूस उठतो आणि उघडतो. लेखकाचा काही भरवसा नसतो, जावईबापू.”

तेव्हापासून रोज जेवणाची हाक येईपर्यंत लेखक आत. भिंतीपलीकडे चटईवर सासरे, बायको आणि त्याची छोटी लेक बदाम सात खेळायचे. पानं पिसल्याचा फरफराट ऐकू यायचा. कुणीतरी हवं ते पान दाबून ठेवायचं, बाकीचे ‘पास, पास’ करत चरफडायचे, मग एकदम हशा उसळायचा. एकदा त्यालाही भिंतीआड हसू फुटलं. लगेच पलीकडे चिडीचूप झालं आणि सासरे कुजबुजले, की विनोदी प्रसंग चाललाय वाटतं, आवाज करू नका.

पेन्सिलींना टोक काढून झालं की तो रस्त्याकडे बघायचा. औषधवाला कुलूप लावल्यावर ते तीनतीनदा ओढून पाहतो. वरच्या मजल्यावरचा सडाफटिंग हल्ली केळी घेताना दोघांपुरती घेतो. सगळ्या गल्लीच्या भानगडी त्याला पाठ झाल्या, जहाज तेवढं जागचं हललं नाही. जेवताना सासरे रोज विचारायचे, “निघालं का जहाज?” आणि तो घास गिळून म्हणायचा, “नांगर उचलताहेत, बाबा.”

बाहेर पडूनही सुटका नव्हती. न्हाव्याच्या दुकानामागे कॅरमचा अड्डा जमायचा, तिथे तो एके काळी राणीचा बादशहा होता. आता त्याची सावली दिसली तरी न्हावीच हात जोडायचा. म्हणायचा, वहिनींना कळलं तर आमची हजामत होईल, तू आपला घरी जाऊन लिही. सुट्टीला सगळे तळ्यावर जायचे. तिथे पायानं चालवायच्या होड्या भाड्यानं मिळत. बाकीचे होडीत बसत, आणि याला झाडाखालच्या बाकावर बसवलं जाई, कारण लेखकाला निरीक्षण करायचं असतं. गंमत म्हणून या माणसाला काहीच करता येत नसे. काहीही करायचं तर ते कादंबरीसाठी, अनुभव म्हणून. एकदा त्यानं आइस्क्रीम मागितलं तर सासऱ्यांनी विचारलं, कुठल्या प्रकरणात येतंय?

अशाच एका सुट्टीला बायकोचा पाय मुरगळला, म्हणून आजोबा आणि नात दोघंच होडीत बसले आणि ती बाकावर त्याच्याशेजारी राहिली. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. त्यानं सांगून टाकलं, की कादंबरी वगैरे काही नाही, होणारही नाही. मला त्या खोलीतून बाहेर यायचंय. तुमच्यात बसून पत्ते खेळायचेत, दुसरं काही नको. एवढं बोलून तो मान खाली घालून बसला. आता आपण तिच्या नजरेतून उतरलो, याची त्याला खात्रीच होती.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “खोली मीच झाडते ना? केरात नुसता पेन्सिलींचा भुसा निघतो. एवढ्या भुशात दोन कादंबऱ्या झाल्या असत्या.”

“आणि तरी रोज कडी लावतेस?”

“ती खोली झाली आणि बाबांनी करवत ठेवली ती ठेवलीच. घरी कुणी आलं की चहाच्या आधी खोली दाखवतात. तुम्ही बाहेर येऊन पत्ते कुटायला लागलात तर त्यांनी दाखवायचं काय? फळी?”

“आणि तू? तू तर कादंबरीवाल्याशी लग्न केलंस.”

“अहो, मी जहाजाशी लग्न केलं नव्हतं,” ती म्हणाली. मग पाय चोळत हळूच पुढे म्हणाली, “बघते काहीतरी.”

तळ्यात सासरे तोल सांभाळत उभे राहिले आणि त्यांनी बाकाकडे बोट दाखवून नातीला काहीतरी समजावलं. बहुतेक निरीक्षण कसं करतात ते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कडी नेहमीसारखीच लागली. पण थोड्या वेळानं पानं पिसल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ सासऱ्यांचा प्रश्न, की हा चौथा डाव कुणाचा? बायको शांतपणे म्हणाली, “त्यांचा. जहाजावर खलाशी पत्ते खेळतात, तो प्रसंग आलाय. अनुभव हवाय म्हणतात.” सासऱ्यांनी जरा विचार केला. अनुभव म्हटल्यावर बोलणंच खुंटलं. खिडकी सरकली आणि लेखकाच्या हातात तेरा पानं आली.

काय सांगावं त्याचं सुख! इस्पिकची अठ्ठी त्यानं अशी दाबून धरली की पलीकडे सासरे पास म्हणून म्हणून रडकुंडीला आले. मग रोजच डाव रंगू लागला. कानानं डाव ओळखायचा, खिडकीतून पान सरकवायचं, पलीकडून शिव्या खायच्या. आज ना उद्या कडी निघेल आणि आपण चटईवर बसू, असं त्याला वाटायला लागलं. तिकडे सासरे जिन्यात भेटेल त्याला सांगत होते, की जावई एका हातानं खेळतो आणि दुसऱ्या हातानं लिहितो.

एका संध्याकाळी तो लागोपाठ तीन डाव जिंकला. सासरे भारावून म्हणाले, “जावईबापू, एवढं जमतंय तर जेवायला तरी कशाला बाहेर यायचं? उगाच तंद्री मोडते. ताट आत देऊ.”

ताट खिडकीत मावेना. मग कॉट सरकल्याचा आवाज आला, पेटीचं झाकण वाजलं, आणि खिडकीच्या कडेवर करवतीचं टोक येऊन टेकलं. करवत थरथरत होती. एकदा घसरली, पुन्हा टेकली, पुन्हा घसरली. त्या वहीएवढ्या चौकोनातून बायको त्याच्याकडे बघत होती. तिनं काही खूण केली नाही. त्यानं एक शब्द काढायचा अवकाश होता.

“बाबा,” तो म्हणाला.

करवत थांबली. “काय?”

करवत धरलेल्या हातावरच्या शिरा ताणल्या होत्या, आणि नखात जुन्या तेलाचा काळा डाग लागला होता. लेखक खुर्चीवरून उठला.

“भिंत हलतेय. थांबा, मी आतून धरतो.”

त्यानं दोन्ही तळवे प्लायवूडवर घट्ट दाबले. आता करवतीला रेघ सापडली. भुसा उडून टेबलावर, पेन्सिलींवर, त्याच्या हातातून खाली पडलेल्या राजाराणीवर बसू लागला. भोक वाढत गेलं तसा आधी बायकोचा चेहरा पूर्ण दिसला, मग लेकीचा. त्यांच्यामागे चटई.

“जहाज?” सासऱ्यांनी दम खात विचारलं.

“नांगर उचलताहेत.”

“उचलू दे. घाई नाही.” त्यांनी ताट लावून पाहिलं, वाटी लावून पाहिली, मान हलवली, आणि पेन्सिलीनं आणखी थोडं पुढे खूण केली. “धरा. पाण्याचा तांब्याही जायला हवा.”