ओसरीतली मोटारसायकल

मोटारसायकलवरून आमच्या घरात पहिलं भांडण झालं, तेव्हा आमच्याकडे मोटारसायकल नव्हती.

होतं ते एक रुपयाचं लॉटरीचं तिकीट! लॉटरी तेव्हा नवी नवी निघाली होती. बालाघाटच्या बसस्टँडवर एक माणूस सायकलला भोंगा बांधून "कल का लखपती कौन?" असं ओरडत फिरायचा, आणि ज्याच्याकडे बघून ओरडायचा त्याला वाटायचं, हा आपल्यालाच विचारतोय. मी भरवेलीच्या खाणीवर हजेरीबाबू होतो. रोज सायकलने जाणं, सायकलने येणं. त्या दिवशी सायकलची चेन तिसऱ्यांदा उतरली होती, दोन्ही हात काळे झाले होते, आणि नेमकं तेव्हाच त्याने माझ्याकडे बघून विचारलं. घेतलं तिकीट! (तिकिटावर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला. आईने तो शुभशकुन मानला.)

वडील, आमचे बाबूजी, प्राथमिक शाळेत गुरुजी. आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत, अशी त्यांची सगळ्या वॉर्डात ख्याती होती. मला वाटलं, जुगार खेळलास म्हणून कान पकडतील. पण त्यांनी तिकीट उलटंसुलटं पाहिलं, पोथीत ठेवलं आणि म्हणाले, "पैसा येण्यापूर्वी त्याची विल्हेवाट ठरली पाहिजे. आल्यावर माणसाची बुद्धी फिरते." (घरात आम्ही सगळे आपल्या बोलीत बोलायचो. बाबूजी शुद्ध भाषेवर आले, की विषय गंभीर आहे असं समजायचं.)

त्याच संध्याकाळी जेवणं झाल्यावर ओसरीत बैठक बसली. बाबूजींनी शाळेच्या छपरासाठी नवे कवेलू मागितले. आईला पक्की न्हाणी हवी होती. धाकट्या बहिणीला, शकुनला, शिलाई मशीन. आणि मला मोटारसायकल! काळी, टाकीवर सोनेरी पट्टी. कवेलू, न्हाणी आणि मशीन पाच मिनिटांत मंजूर झालं. मोटारसायकल मात्र अडली, कारण ती उभी कुठे करायची हा प्रश्न होता. ओसरीच्या कोपऱ्यात आईची धानाची कोठी होती.

"कोठी हालवू," आई म्हणाली. "गाडी का पावसात भिजू द्याची?"

दुसऱ्या दिवशी चौघांनी मिळून ती कोठी आतल्या खोलीत ढकलली. आईने रिकामा कोपरा शेणाने सारवला. निकालाला तीन आठवडे होते, आणि ते तीन आठवडे तो कोपरा रिकामा राहिला असं म्हणवत नाही. तिथे गाडी होती! मी त्या कोपऱ्यात खाट टाकली, तर आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "तिथं नोको टाकू! गाडीची जागा हाय!" बाबूजींनी मला बजावलं, की भरवेलीच्या चढावर मागे कोणाला बसवायचं नाही. शकुनने गाडीवरून कॉलेजला सोड म्हटलं, मी म्हटलं, मला खाणीवर उशीर होतो. झालं! दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते हिंदीत. "मुझे बैठनाच नहीं तेरी गाडी पे! चला अकेला!" मधे पडून आईने मलाच झापलं. "एका घरची बहीण, तिले नेत नाई म्हणते! अन् रोज रोज गाडी काहून काढतं? पेट्रोल का नळाले येते?"

मी निमूटपणे सायकल काढली आणि चेन चढवत चढवत कामावर गेलो.

याच सुमारास माझं लग्न जमत आलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझा जीव त्यातच अडकला होता. आधी दोन ठिकाणांहून नकार आला होता. एकांनी सांगितलं, मुलगा बारीक आहे. दुसऱ्यांनी काहीच सांगितलं नाही, म्हणजे त्यांचंही तेच. तिसरी मुलगी लालबर्‍याची, विमल. पाहायला गेलो तेव्हा घाबरून मी अर्धा चहा बशीत आणि अर्धा पायजम्यावर सांडला. सगळे हसले. ती हसली नाही. गुपचूप दुसरी बशी आणून तिने माझ्यासमोर ठेवली. मी त्या बशीवरच भाळलो! घरी येऊन सांगून टाकलं, करीन तर हिच्याशीच.

मुलगी पाहून झाली, की मुलीकडचे मुलाचं घर पाहायला येतात, अशी आमच्याकडची रीत. निकालाच्या आधीच्या रविवारी विमलचे वडील भाऊराव मिस्त्री आले. राइस मिलमध्ये इंजिन सांभाळणारा माणूस, बोटांच्या रेघांत कायमचं ऑइल. सोबत त्यांचे थोरले भाऊ (ते फक्त "हौ" म्हणायला आले होते). सगळं छान चाललं होतं. घर पसंत पडलं, विहीर पसंत पडली, नोकरी तर पसंतच होती. मिस्त्री ऐसपैस बसले आणि हातातली पिशवी त्यांनी सहज त्या कोपऱ्यात ठेवली.

"अजी भाऊ, तिथं नोका ठेवू!" आई म्हणाली. "तिथं गाडी राह्यते!"

"कोणती गाडी?"

"मोटारसायकल," बाबूजी म्हणाले. "वसंताची." पृथ्वी गोल आहे हे मुलांना ज्या चेहऱ्याने सांगायचे, त्याच चेहऱ्याने! त्यांच्या मनात खोटं नव्हतंच. अडीच आठवडे ते त्या गाडीला वळसा घालून ओसरीतून जात होते.

"मोटारसायकल?" मिस्त्री उभेच राहिले. "अन् आमाले कोणी सांगतलंच नाई? कोठं हाय?"

आता आई माझ्याकडे बघू लागली. बाबूजी माझ्याकडे बघू लागले. आपण काय बोललो ते दोघांच्याही आत्ता लक्षात आलं होतं. खरं सांगायची तीच वेळ होती. पण मिस्त्रींचा चेहरा असा काही फुलला होता, की माझ्या तोंडून निघालं, "उकव्याले गेली. दोस्त घेऊन गेला."

"दुसऱ्याच्या हाती मशीन देऊ नोका, जवाई!"

जवाई! अजून सुपारी फुटली नव्हती आणि त्यांनी मला जवाई म्हटलं! त्या एका शब्दाने माझं तोंड शिवलं.

"अवाज कसा हाय तिचा?" त्यांनी विचारलं.

"बरा हाय."

"हौ," थोरले भाऊ म्हणाले.

पाहुणे गेले आणि बाबूजी मटकन खाली बसले. "मी खोटं बोललो! चाळीस वर्षांत प्रथमच!" शाळेत मुलांना द्यायचे तीच शिक्षा त्यांनी स्वतःला दिली. पाटी घेतली आणि 'मी खोटे बोलणार नाही' हे शंभर वेळा लिहिलं. (मला दोनशे! मित्राला उकव्याला पाठवल्याबद्दल शंभर जास्त.)

आई मात्र शांत होती. "खोटं कायचं जी त्यात? जरा लवकर बोललो. गुरुवारी निकाल हाय, सुक्रवारी गाडी येईन."

हे म्हणणं घरातल्या सगळ्यांनाच इतकं पटलं, की रात्रीपर्यंत आम्ही पुन्हा टाकीच्या सोनेरी पट्टीवर बोलू लागलो.

बुधवारी लालबर्‍याच्या बसच्या कंडक्टरने घरी एक पुडकं आणून दिलं. आत जाड कापडाचं एक लांबट कव्हर होतं. त्यावर हिरव्या दोऱ्याने दोन पोपट भरलेले, चोचीला लाल दोरा. सोबत चिठ्ठी, मिस्त्रींच्या अक्षरात: 'मागच्या सीटचे कव्हर विमलने शिवले आहे. माप अंदाजाने घेतले. गाडी उकव्याहून आली की एकदा घेऊन या, इंजिन मी उघडून पाहीन. मिलमध्ये सर्वांना सांगितले आहे.'

सर्वांना सांगितले आहे! मी चिठ्ठी पुन्हा वाचून पाहिली. शकुनने पोपटांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "भाऊ, ही पोरगी सोडू नोको." त्या क्षणी मला लाख रुपये नको होते. नुसती एक मागची सीट हवी होती!

गुरुवारी पेपर आला. बाबूजींनी आमचा नंबर आधी डावीकडून वाचला, मग उजवीकडून, मग चष्मा पुसून मधूनच. पहिल्या बक्षिसापासून शेवटच्या बक्षिसापर्यंत कुठेही आमचं नाव-गाव नव्हतं. "दुसऱ्या पेपरात पाहा," आई म्हणाली. दुसऱ्या पेपरवाल्यांनीही तेच छापलं होतं.

मग बाबूजी शुद्ध भाषेत म्हणाले, "वसंता, लालबर्‍याला जा. समोरासमोर सांग." मी विचारलं, त्यांनी नाही म्हटलं तर? ते म्हणाले, "म्हणतील. त्यांचा हक्क आहे." आणि मग आपल्या बोलीत, "पण तू जाच बापा."

कव्हर पिशवीत घातलं आणि सिवनी रोडने पंधराएक मैल सायकल हाणली. वाटेत दोनदा चेन उतरली. वाटभर मी वाक्यं जुळवत होतो, एकही धड जुळलं नाही. राइस मिलच्या मागे त्यांचं घर. घंटी ऐकून मिस्त्री बाहेर आले ते एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात तेलाची बुधली घेऊनच! माझ्या मागे रस्त्यावर त्यांनी लांबपर्यंत पाहिलं.

"गाडी?"

"नाई हाय जी."

"इकली?"

"घेतलीच नाई." आणि मग मी तिकिटापासून पोपटांपर्यंत सगळं सांगून टाकलं. मधे थांबलो असतो तर पुन्हा सुरू करायची हिंमत झाली नसती.

मिस्त्रींचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. "मिलमधी मी शेड झाडून ठेवली! मालकाले सांगतलं! उद्या म्हणान, नोकरीबी लॉटरीतच निघनार होती!"

"हौ," आतून थोरल्या भावांचा आवाज आला.

"नोकरी हाय जी," मी म्हणालो. "तेवढीच हाय." पिशवीतून कव्हर काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "हे परत कराले आलो. एवढं सुंदर काम आमच्या घरी ठेवाची माझी लायकी नाई." हे मात्र मी मनापासून बोललो. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते उन्हामुळे असं त्यांना वाटावं म्हणून मी कपाळ पुसलं.

दारात विमल उभी होती. किती वेळ, देव जाणे. तिने एकच विचारलं, "मांगची सीट केवढी होती?"

आणि मी, लाज सोडलेला गाढव, दोन्ही हात पसरून दाखवलं, "एवढी!" एक बोटही इकडेतिकडे नाही. तीन आठवडे रोज पाहिलेली सीट ती!

विमल हसली. बशीच्या वेळी राखून ठेवलेलं हसू तिने आता एकदम काढलं. "मंग मी लहान शिवली. अन् मी तं तिच्यावर गोंदियाले जाऊन आली! बैहरच्या घाटात एकडाव पडलीबी!"

"पडली?" मी घाबरून विचारलं. "लागलं तं नाई?"

"तुमीच चालवत होते ना!"

मिस्त्रींनी आधी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्ही दोघंही हातवारे करून एका नसलेल्या गाडीचा अपघात समजून घेत होतो. त्यांनी डोक्याला हात लावला. "बाप्पा! दोघंबी सारखेच!" मग एक शब्दही न बोलता ते माझ्या सायकलपाशी गेले, ती उलटी केली आणि हातातली तेलाची बुधली चेनवर रिकामी केली. पान्याने चाक आवळता आवळता रागारागाने पुटपुटत राहिले. "चेन का अशी ठेवतेत? लेकीले मांगं बसवून नेशील, अन् रस्त्यात उतरवशील!"

लेकीले मांगं बसवून! ते ऐकून मी तिथेच ओट्यावर बसलो. विमलने चहा आणला. या वेळी बशीत सांडला नाही. कपच माझ्या हातातून पडला!

त्या वैशाखात आमचं लग्न झालं. बाबूजींनी शाळेच्या कवेलूंसाठी अर्ज केला, आईची न्हाणी दोन वर्षांनी बांधून झाली, शकुनचं मशीन तिच्या लग्नात घेतलं. सगळंच आलं, फक्त लाख रुपयांवाचून, आणि जरा जरा करून. मोटारसायकलही आली, पण फार उशिरा आणि जुनी घेतलेली. ती चढावर हटकून बंद पडते. मग विमल खाली उतरते, पदर खोचते, मागून ढकलते, आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगते, "आमची पयली गाडी लय बरी होती बापा. कधी ढकलाची पाळी नाई आली. अन् चालवणाऱ्याले चालवता तरी येत होती!"