चाळणबाईची माती

टोळीतल्या बायका तिला तोंडावर ‘मुकादम’ म्हणत आणि पाठीमागे ‘चाळणबाई’. दोन्ही नावं तिला ठाऊक होती. दुसऱ्या नावाचा राग यावा तर तसंही नव्हतं, उलट मनातून जरा ऐटच होती. चाळण खरोखरच तिची होती. लाकडी चौकट, तारेची जाळी, एका कोपऱ्यात पत्र्याचं ठिगळ. बापाची आठवण. बाप सपाटीवरचा, भाजीपाल्याचे वाफे लावणारा. वाफ्यात बोराएवढा खडा सापडला तरी त्या दिवशी घरात कुणाला सुखाचा घास मिळत नसे. “डोळे मिटून हात घातला तर पीठ वाटलं पाहिजे, ती माती,” असं तो म्हणे. लग्न होऊन डोंगराच्या पायथ्याला आली तेव्हा तिच्या सामानात ती चाळण बघून सासू म्हणाली होती, “लोकांच्या सुना माहेराहून भांडी आणतात. आमची जाळी घेऊन आली.”

आणि अशा बाईच्या नशिबाला आला हा उतार.

वस्तीच्या डोक्यावरच्या त्या उतारावर निम्मी माती आणि निम्मे दगड होते, असं म्हणणं म्हणजे मातीला फुकटचा मोठेपणा देणं. वर कुजलेल्या पाल्याचा काळपट पातळ थर, त्याखाली तांबूस माती, आणि त्या मातीत सुपारीपासून नारळापर्यंत सगळ्या मापाचे, धारदार कडांचे दगड कोंबलेले. कुदळ मारली की टण्ण करून मनगटात कळ. बादलीभर पाणी ओतलं तर डोळ्यांदेखत गायब. वणव्यात वरचं जंगल गेल्यापासून दर पावसात बारीक माती धुऊन खालच्या रस्त्यावर येई. रस्ता बंद, गाड्या बंद, शिव्या चालू. म्हणून वनखात्यानं झाडं लावायला बायकांची टोळी उभी केली आणि चाळणबाईला मुकादम केलं.

दोन पावसाळे लावलेली रोपं उन्हाळ्यात मेली. तिसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाशी वनसाहेब आला आणि त्यानं आडपडदा ठेवला नाही.

“मुकादम, यंदाची रोपं जगली नाहीत तर सगळ्या उतारावर जाळी मारून सिमेंट फवारायचं ठरलंय. मग टोळीचं काम संपलं.”

“जगतील की साहेब. न जगायला काय झालं?”

“आणि एक. खड्ड्यात थोडे दगड राहू द्या. इथली माती दगडांनीच धरलेली असते.”

“हो साहेब,” ती म्हणाली. त्याची जीप वळणाआड गेल्यावर बायकांकडे वळली. “ह्याच्या जेवणात खडा आला तर ताट भिरकावेल, आणि झाडाला म्हणे खडे चारा! पालथ्या घड्यावर पाणी. चला, चाळण काढा.”

तिची पद्धत ठरलेली होती. खड्डा खणायचा, निघालेलं सगळं चाळायचं, दगड उतारावरून खालच्या घळीत सोडायचे. आता त्या उताराची माती चाळल्यावर उरणार किती? खड्ड्याचा तळ झाकायची मारामार. मग खालच्या रस्त्याकडेला साठलेला गाळ घमेल्यांनी वर आणायचा आणि खड्डा काठोकाठ भरायचा. बायका कण्हत चढायच्या. पण भरलेला खड्डा दिसायचा मात्र देखणा. तांबडा, मऊ, एकही खडा नाही. चाळणबाई त्यात मनगटापर्यंत हात घाली, डोळे मिटे आणि “हं” म्हणे. तेवढ्यासाठी जन्म काढला असावा असा चेहरा होई.

त्याच वर्षी तिची धाकटी जाऊ टोळीत आली. ती शिवणाच्या कारखान्यात होती, तो बंद पडला. दोघींचं स्वयंपाकघर एकच, त्यामुळे तिला टोळीत न घेण्याची सोय नव्हती. दोन खोल्या, एक शेगडी, एक नळ. थोरलीनं ओटा पुसला की धाकटीनं त्यावर ओला पेला ठेवायचा, असं वर्षानुवर्षं चाललेलं. धाकटीला कामाचा कंटाळा होता असं म्हणणं तिच्यावर अन्याय आहे. तिला फक्त बसायची आवड होती. टोळीनं आठवड्याच्या आत तिचं नाव ‘सावलीबाई’ पाडलं.

“जाऊबाई,” ती पहिल्याच दिवशी म्हणाली, “दगड डोंगराचाच ना? मग त्याला त्याच्याच घरातनं कशाला हाकलायचं?”

“तू तोंड चालवू नकोस. चाळ.”

“चाळते की. पण गाळ आणायला परत खाली जायचं? गुडघ्यांचं काय?”

“तुझे गुडघे तू घरी ठेवून ये उद्यापासून.”

शेवटी कटकट नको म्हणून चाळणबाईनं तिला कडेची ओळ दिली, मोठ्या कातळापलीकडची. तिथं कातळाची सावलीही होती आणि ओळ कुणाच्या नजरेलाही पडत नव्हती. संध्याकाळी चाळणबाई लांबूनच विचारी, “झालं का गं?” आणि कातळाआडून उत्तर येई, “कधीच!”

पाऊस झाला, थांबला. उन्हं तापली. उन्हाळा सरत आला तेव्हा साहेब मोजणीला आला.

मोजायला फारसं काही नव्हतंच. पहिल्या ओळीतलं रोप चाळणबाईनं धरलं, ते हातात आलं. ओढावंसुद्धा लागलं नाही. मुळं जेवढी रोपवाटिकेच्या पिशवीत होती तेवढीच, गुंडाळलेली, पिशवीच्या आकाराची. जणू पिशवी फाडलीच नव्हती. पावसात तो चाळलेला गाळ चिखल होऊन बसला होता, मुळं त्यात गुदमरली. मग तो वाळून विटेसारखा कडक झाला आणि खड्ड्याच्या कडेपासून सुटून आला. दुसरं रोप तसंच. पुढचं तसंच. तिनं बोट घालून बघितलं, मातीत बोट शिरेना. एकही खडा नव्हता. खडा नव्हता हेच तिला सारखं दिसत राहिलं.

“आमच्या हाताला काही कमी नव्हतं, साहेब,” ती म्हणाली. आवाज चढलेला. “हा डोंगरच करंटा!”

साहेबानं मान हलवली आणि तो जीपकडे उतरू लागला.  एका बाईनं डबा उघडला आणि न खाताच बंद केला.

चाळणबाई तणतणत कातळापलीकडे गेली. निदान त्या आळशीचं वाटोळं तरी बघावं, म्हणून. आणि तिथं ओळ हिरवी होती. सगळी. गुडघ्याएवढी रोपं, तजेलदार, पानं हलताहेत.

तिनं एक धरून ओढलं. हलेना. तिनं बुडातला पाला बाजूला केला. पाल्याखाली चपटे दगड, नीट मांडलेले. एक दगड उचलला, तर खाली माती ओली, गार, या दिवसांत! आणि दगडाच्या पोटाला पांढरी बारीक मुळं चिकटलेली. एक मूळ तर दगडाला वळसा घालून खड्ड्याबाहेर, डोंगरात शिरलेलं.

मागून धापा टाकत सावलीबाई आली. आयुष्यात पहिल्यांदा चढावर पळाली असेल.

“जाऊबाई, सांगू नका हं साहेबाला! मी चाळलंच नव्हतं. खणलं, रोप ठेवलं, निघालेलं सगळं पायानं परत ढकललं आत. तुम्हाला वरून दगड दिसू नयेत म्हणून पाला टाकला.”

“आणि हे वरचे चपटे?”

“पाला उडत होता.”

 तीन वर्षं खालून वर घमेली वाहिली. पाठ धरली, हाताची सालटी निघाली. आणि ही बया सावलीत पाय पसरून बसली, हिची रोपं डुलताहेत!

“असं करा ना,” सावलीबाई हळूच म्हणाली, “तुमचीच ओळ आहे म्हणून सांगा. मला काय करायचंय नाव? मला नुसतं ओरडा बसायला नको.”

खाली जीपचं दार उघडल्याचा आवाज झाला. बोलायचं नाही, तर उद्या सिमेंट. आपली म्हणून सांगायचं, तर साहेब विचारणार, असं कसं केलंत? आणि खरं सांगायचं, तर सगळ्या टोळीदेखत ही जिंकली. हिच्या मनात जिंकायचंही नव्हतं, त्याचाच तर जास्त संताप. चाळणबाईनं हातातला दगड घट्ट धरला, फेकून मारायचा असल्यासारखा.

“साहेब!” तिनं कातळावरून हाक मारली. “थांबा! वर या! एक ओळ जगलीय!”

बायका धावल्या, साहेब परत चढला.

“कुणाची ओळ?”

“हिची,” चाळणबाई म्हणाली. “हिनं काम चुकवलं. दगड काढले नाहीत. म्हणून जगली.” आणि सावलीबाईकडे वळून, “तोंड काय लपवतेस? उभी राहा सरळ!”

साहेबानं वाकून दगड उचलला, ओली माती बोटांनी चोळली. ‘मी सांगितलं होतं’ असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, चाळणबाईला भांडायला तरी मिळालं असतं.

“वरच्या भागाचं सिमेंट आता थांबत नाही,” तो म्हणाला. “खालच्या अर्ध्यासाठी एक पावसाळा मागून बघतो. पण सगळं याच पद्धतीनं.” मग त्यानं इकडंतिकडं बघितलं. “काढलेले दगड कुठं आहेत?”

 सगळ्यांनी घळीत बघितलं. तिथं दगडांचा ढीग पडला होता, दोन वर्षांचा आणि वर यंदाचा, घरंगळत घरंगळत पार तळाशी गेलेला.

साहेबानं पावसाळा मिळवून दिला, आणि दुसऱ्या आठवड्यात दगड वर न्यायचं काम सुरू झालं. घमेली फुटू लागली, तेव्हा चाळणबाईनं घरून चाळण आणली. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला सावलीबाई, मध्ये दगड. मुडदा न्यावा तशी दोघी चाळण घेऊन चढत होत्या. एका दगडाची कड जाळीतून आरपार गेली आणि तारा तटातटा तुटल्या. चाळणबाई थांबली. तुटलेल्या तारांकडे बघत राहिली.

“जाऊबाई, थोडं टेकू या का? कातळाची सावली आहे.”

“टेक,” चाळणबाई म्हणाली. “तू टेकलीस की काहीतरी उगवतं. आम्ही मरमर मरतो.”

“मग तुम्ही पण टेका.”

“मला जमत नाही गं!” ती ओरडली आणि तिच्याच नकळत बाजूला बसली. घाम पुसला. मग हातात आलेला खडा सवयीनं घळीकडे भिरकावला.

“अहो!” सावलीबाई किंचाळली. “तोच आत्ता वर आणला!”