प्रेबेनचे कान

डेन्मार्कमधल्या स्ट्रुअर गावात ज्याच्या घरी हातानं बांधलेला स्पीकर आहे, त्यानं तो एकदा तरी प्रेबेन स्कॉरुपला ऐकवलेला असतो. रेडिओच्या कारखान्यात हयात घालवलेला माणूस. निवृत्तीनंतर स्पीकर बांधणाऱ्यांच्या हौशी मंडळात त्याचाच शब्द शेवटचा. तो डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "वरचे सूर दबलेत. हा कपॅसिटर बदल." समोरचा निमूट मान हलवायचा. आवाज यंत्रानं मोजणाऱ्यांची तर प्रेबेन टरच उडवायचा. मोजपट्टी लावून कोणी गाणं ऐकतं का, म्हणायचा.

यंदा मात्र त्याच्या स्वतःच्याच ॲम्प्लिफायरनं दगा दिला. व्हायोलिन दबकं वाजू लागलं, झांजा तर गेल्याच. हिवाळाभर त्यानं सुटे भाग काढले, नवे घातले, पण कशानं काही फरक पडेना. बायको बोडिल म्हणायची, "अरे, कानाला टोचतंय ते." तिला काय कळतंय, म्हणून तो सोडून द्यायचा. पण मनात भीती घर करून होती. दोष यंत्रात असला तर दुरुस्त होईल. कानात असला तर त्याच्याकडे उरतंच काय?

शेवटी नाक मुठीत धरून तो विलीकडे गेला. विली त्याचा मंडळातला मित्र, मोजणाऱ्यांपैकी.

"आवाजाची लाट पडद्यावर दाखवतो ना, लॅपटॉपला जोडतात तो छोटा ऑसिलोस्कोप घ्यायचाय. हा शंभर मेगाहर्ट्झवाला बघ."

"म्हणजे मोजपट्टीच की," विली हसला. "आणि शंभर कशाला? बंदरातलं रडार दुरुस्त करणारेस? आवाजाला वेग नको, बारकाई हवी. आठ बिटवाल्यात बारीक दोष दिसतच नाही, सोळावाला घे. आणि स्वतःच सूर सोडणारा बघ, म्हणजे दुसरं यंत्र नको."

साबणाच्या डबीएवढी पेटी घरी आली. विलीनंच ती जोडून दिली. आधी त्यानं खालचा सूर सोडला. पडद्यावर लाट उठली, खोली घुमली. मग तो सूर हळूहळू चढवत गेला. लाटेची उंची तसूभरही कमी होत नव्हती. आणि एकाएकी खोली शांत झाली.

"तार सुटली बघ," प्रेबेन म्हणाला.

विलीचा चेहरा वाकडा झाला होता. प्रेबेननं आवाजाचं बटण पार पुढे फिरवलं, तशी बोडिल दोन्ही कानांवर हात दाबून स्वयंपाकघरातून आली.

"बंद कर रे ते. डोकं फुटेल माझं."

पडद्यावरची लाट सुरेख होती. ॲम्प्लिफायर कधी बिघडलाच नव्हता.

विलीनं सूर बंद केला.

"मग ते मंडळातले स्पीकर?" प्रेबेननं विचारलं. "मी बदलायला लावलेले?"

"घरी नेऊन पुन्हा पहिल्यासारखे करतो आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

"सगळेच."

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं. तुला सांगायचं कसं, हेच कुणाला सुचेना."

विली कोट घालून निघाला. दारात थबकून त्यानं विचारलं, "उद्या येशील ना मंडळात?"

प्रेबेनला ते स्वच्छ ऐकू आलं. तरी तो पाठ फिरवून तारा गुंडाळत राहिला, न ऐकल्यासारखा.