फरिदाभाभींच्या घरातले पाहुणे

बारामतीत खोल्या भाड्यानं देणारे पायलीला पन्नास मिळतील. पण त्या भाड्यानं दिलेल्या घराचा विमा काढलेला एक माणूस दाखवा बघू! माणसाचा विमा निघतो, म्हशीचा निघतो, ट्रॅक्टरचा तर कर्जाबरोबरच गळ्यात येतो. घराचं नाव काढलं की लोक विचारतात, भिंती काय पळून जातात का? इंदापूरच्या फरिदाभाभींनी मात्र साठी ओलांडल्यावर हा नाद लावून घेतला, आणि तडीला नेला.

भाभी राहतात इंदापुरात, मुलगा तौसिफच्या बांगड्यांच्या दुकानामागं. बारामतीतलं पाच खोल्यांचं घर त्यांच्या मिस्टरांनी, बादशाहभाईंनी, टेम्पो चालवून बांधलं. भाई गेले आणि त्या घराचं भाडं हाच भाभींचा आधार उरला. लेकाच्या हाताकडं बघायचं नाही, एवढी एकच मिजास या बाईनं आयुष्यभर केली. घरात एका खोलीत लोणी भापकरचा जोतीराम राहतो, तो एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन आहे. दोन खोल्यांत कॉलेजच्या पोरी. मागच्या दोन खोल्यांत पळसदेवची प्रयागबाई जेवणाचे डबे करून देते, आणि त्यावर तिनं लेक छकुलीला नर्सिंगला घातलंय.

उन्हाळ्यात बारामतीतल्या या घराच्या शेजारच्या गल्लीत एका म्हाताऱ्या जोडप्याचं भाड्यानं दिलेलं घर शॉर्टसर्किटनं जळालं. माणसं वाचली. विमाही होता, पण कागदावर मालक स्वतः राहतो असं लिहिलेलं, म्हणून कंपनीनं हात वर केले. तो म्हातारा जळक्या चौकटीसमोर खुर्ची टाकून बसलेला भाभींनी पाहिला. उद्या आपलं घर असं गेलं तर आपण आणि प्रयागबाई, दोघी एकाच दिवशी रस्त्यावर येऊ, हे त्यांना लख्ख दिसलं.

पहिला एजंट म्हणाला, तुम्हीच राहता असं लिहू, हप्ता कमी बसेल, सगळे तसंच करतात. भाभी तडक उठल्या. दुसरा म्हणाला, पोरी चालतील, पण डब्यांचं स्वयंपाकघर म्हणजे धंदा. ती बाई आधी काढा. भाभी तिथूनही उठल्या. अम्मी, तू आता बारामतीत एजंट शिल्लक ठेवत नाहीस, असं म्हणून तौसिफ वैतागला. तिसऱ्यानं मात्र सगळं ऐकून घेतलं, पुण्याला फोन लावला आणि घर बघायला माणूस येईल म्हणून सांगितलं.

नेमकी त्या दिवशी भवानीनगरपाशी उसाच्या ट्रॅक्टरांमागं भाभींची एसटी अडकली. तेवढ्यात इकडं व्हायचं ते होऊन बसलं. त्याचं असं, की बादशाहभाईंनी भाडेकरूंकडून एक धडा घोटून घेतला होता. कुणी साहेब घर बघायला आला की सांगायचं, आमी पाव्हणे. भाडेकरू म्हटलं की घरपट्टी वाढते! भाई माणूस सोन्यासारखा, पण घरपट्टीच्या बाबतीत पक्का लबाड. जुने भाडेकरू जाताना हा धडा नव्यांना देऊन जायचे. तेव्हा विम्याचा साहेब, अविराज नावाचा तरुण, दारात उभा राहिला आणि सगळी मंडळी भाभींचं भलं करायला सरसावली. जोतीराम भाईंचा मानलेला मुलगा झाला, पोरी भाच्या झाल्या, आणि पळसदेवची प्रयागबाई चक्क भाभींची बहीण झाली. एवढ्या चपात्या कशाला? तर घरात लग्न आहे! डबे पलंगाखाली गेले.

भाभी घाम पुसत पोचल्या तेव्हा अविराज निघायच्या बेतात होता. तुम्ही इथंच राहता, धंदा काही नाही, आठ दिवसांत काम होईल, असं म्हणून त्यानं लग्नाच्या शुभेच्छाही दिल्या. कुणाचं लग्न, असं विचारायला भाभींनी तोंड उघडलं आणि पलंगाखालचे डबे दिसले. दारात प्रयागबाई उभी होती. तिचे डोळे सांगत होते, भाभी, आता गप बसा. नुसती मान डोलवली असती तरी विमा हातात होता आणि प्रयागबाईची चूलही शाबूत होती. पण घर पेटल्यावर तो विमा चुलीत घालायच्याच लायकीचा ठरला असता.

"साहेब, ह्यातलं कुणी पाव्हणं न्हाय," भाभी म्हणाल्या. "समदे भाडेकरू हायत. ही बाई हितं डब्यांचा धंदा करती, आन् मी ऱ्हाते इंदापुरात. आता खरं काय ते लिवा."

अविराज परत खाली बसला. चिडला नाही, हे त्याचं मोठेपण. स्वयंपाकघर हलवलं तर काम लगेच होईल, नाहीतर कंपनी नाही म्हणू शकते, असं त्यानं सरळ सांगितलं. भाभींनी हलवायला नकार दिला. मग वायरिंग बदला, सिलेंडर बाहेर जाळीत ठेवा, आग विझवायचं नळकांडं लावा, मी तसं कळवतो, पुढं त्यांची मर्जी, असं म्हणून तो गेला.

तो गेला तशी प्रयागबाई मुकाट्यानं भांडी पोत्यात भरायला लागली. आपल्यापायी भाभींचं काम अडायला नको, एवढंच तिच्या मनात होतं. भाभींनी तिच्या हातातली परात काढून घेतली.

"अगं प्रयाग, घर ऱ्हावं म्हणून इमा काढतीय मी. तुला काढून ते कसलं घर?"

जोतीरामनं सुट्टीच्या दिवशी सगळं वायरिंग बदललं. भाभी नगरपालिकेत जाऊन, घरात भाडेकरू आहेत असं स्वतःहून सांगून आल्या. घरपट्टी वाढली, तौसिफनं कपाळाला हात लावला. तुझ्या अब्बांच्या मागं तेवढं एकच खोटं राहिलं होतं, तेही मिटलं, असं भाभी त्याला म्हणाल्या. संक्रांतीच्या आधी विमा मंजूर झाला, थोडा जास्त हप्ता लावून, पण स्वयंपाकघरासकट!

दुसरी कुणी असती तर पेढे वाटून मोकळी झाली असती. भाभींनी अविराजला फोन करून विचारलं, की आग लागलीच तर प्रयागबाईच्या शेगड्या-भांड्यांचं काय? तो म्हणाला, हा विमा तुमच्या भिंतींचा. भाडेकरूच्या सामानाचा भाडेकरूनं वेगळा काढायचा. मग काय, दुसऱ्याच दिवशी भाभी बारामतीत हजर आणि प्रयागबाईला धरून त्या तिसऱ्या एजंटाकडं. त्यानं पहिलाच प्रश्न केला, घर तुमचं स्वतःचं का? प्रयागबाईनं सवयीनं भाभींकडं पाहिलं. भाभी मुद्दाम रस्त्याकडं बघत राहिल्या.

"न्हाय साहेब," प्रयागबाई पदर सावरून म्हणाली. "भाड्याचं हाय. मी ह्यांची भाडेकरू, आन् माझा सोताचा धंदा हाय."

भाभींनी मान वळवली नाही, कारण त्यांना रडू आवरत नव्हतं.