आईच्या गोंदणाची मरिया

नाताळच्या देखाव्यात दमलेली मरिया तुम्ही कधी पाहिली आहे का? ओल्या काळ्या मातीचा वास आला की मला नवापूरकडच्या आमच्या पाड्यावरचा एक डिसेंबर आठवतो. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेले होते आणि मी काकूकडे राहून शाळा शिकत होते. चर्चचा देखावा मांडायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी ठरवलं, मरिया आईसारखीच करायची. गोठ्याच्या जागी उसाच्या पाचटाची कोपी, तोडकऱ्यांची असते तशी झोपडी, उभारली, मातीचं तोंड वळलं आणि हनुवटीशी हात थांबला. आईच्या गोंदणाचे ठिपके दोन की तीन, मला आठवेना. रडतच मुकादमाच्या फोनवर आईला गाठलं आणि सगळं सांगितलं. "एवढ्यात विसरलीस, येडे?" आई हसली, मग तिचा आवाज बारीक झाला. "तीन. पण मला कशाला चर्चमध्ये बसवतेस? उन्हानं पार काळी पडलेय मी." मी तीन ठिपके टोचले. संध्याकाळी चर्चमधले एक वडीलधारे काका देखावा बघून म्हणाले, "मरियेला गोंदण? उद्या हातात कोयताही देशील!" "देईनच, काका. माझा भाऊ आठ दिवसांचा होता, तेव्हा आईनं कोयता पुन्हा धरला होता." मूर्ती तिथेच राहिली. आई परतली तेव्हा होळी तोंडावर आली होती आणि त्या मातीच्या चेहऱ्याला तडे गेले होते. तसा चेहरा मला आजवर पुन्हा जमलेला नाही. यंदा तुम्ही देखावा मांडाल, तर तोडीला गेलेल्या एखाद्या बाईच्या लेकराला आधी तिच्याशी फोनवर पोटभर बोलू द्या, आणि मगच माती भिजवा.